गाणं थांबतं तिथं वही उघडा

कोल्हापुरात आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला नाहीतर साउंडवर बसायला म्हणून येणारी नवी पोरं पहिला प्रश्न एकच विचारतात, "दादा, कुठला कोर्स करू?" कोर्स करा, त्याला माझी ना नाही. पण त्याआधी मी एक काम लावतो. मायकल जॅक्सनच्या तालमीतला एक तुकडा बघायचा आणि त्यावर दोन पानं लिहून आणायची. गाणं 'द वे यू मेक मी फील'. जत्रेत लावण्या आणि कोळीगीतं वाजवणाऱ्याला मायकल जॅक्सन कशाला, म्हणून पोरं हसतात. हसू देत. पानं मात्र आणायचीच.

ज्यांना मागची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2009 साली लंडनच्या ओटू अरेनात जॅक्सनचे 50 कार्यक्रम ठरले होते. तालमी लॉस एंजेलिसला चालू होत्या. 25 जूनला तो गेला आणि एकही कार्यक्रम झाला नाही. तालमींचं चित्रण मात्र शिल्लक होतं. कार्यक्रमाचा दिग्दर्शक केनी ऑर्टेगा यानं त्यातूनच 'धिस इज इट' हा चित्रपट उभा केला, तो त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. म्हणजे या दौऱ्याची तालीमच तेवढी आहे, मूळ कार्यक्रम नाहीच. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं यापेक्षा चांगली चीज नाही. झालेल्या कार्यक्रमात सगळं झाकलेलं असतं, लाइट, धूर, पब्लिकचा गोंगाट. तालमीत शिवण उलटी दिसते.

माझा नियम साधा आहे. गाणं चालू असताना नुसतं बघा. गाणं थांबलं की लिहा. कुणी थांबवलं, काय म्हणाला, कुणाला म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर नेमकं काय बदललं. नवखा माणूस नेमका याच्या उलट करतो. नाच आला की पुढं सरकून बसतो आणि बोलणं सुरू झालं की व्हिडिओ पुढं ढकलतो.

एक इशारा आधीच देऊन ठेवतो. हा चित्रपट आहे, एका दिवसाची सलग तालीम नव्हे. एकाच गाण्यात कपडे बदललेले दिसतात, कारण वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेत. आवाजही नंतर स्टुडिओत नीट बसवलाय. त्यामुळं "बघा, तालमीत किती करेक्ट गायला" असलं काही वहीत लिहू नका. सूर किती लागला याचा निकाल इथं लागत नाही. माणसं एकमेकांशी कशी बोलतात, ते मात्र खरं आहे, आणि आपल्याला तेच पाहिजे.

आता तो तुकडा. गाण्याची सुरुवात संथ ठेवलीय. कीबोर्डवर मायकल बेअर्डन आहे, तोच संगीत संयोजक, म्हणजे आपल्याकडं ज्याला अरेंजर म्हणतात तो. तो सुरुवातीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, वाजवतोय आणि जॅक्सनला ते पटत नाहीय. चुकीचे कॉर्ड नाहीत, लवकर येताहेत. जॅक्सन म्हणतो ते आपल्या भाषेत सांगायचं तर, रटरटू दे जरा, तू त्याला रटरटूच देत नाहीयेस. पुढं तो चांदण्यात न्हाऊन निघण्याचं काहीतरी बोलतो. बेअर्डन विचारतो, जरा ठुमका वाढवू का? दोघंही हसतात आणि पुन्हा सुरू करतात.

एवढंच. मिनिटभराचा मामला. पण याच जागी मी पोरांना सगळ्यात जास्त वेळ बसवतो. गायकानं सांगितलं काय? 'रटरटू दे.' यात मात्रा नाही, कॉर्डचं नाव नाही, टेम्पोचा आकडा नाही. कीबोर्डवाल्याला मात्र याचं भाषांतर बोटांत करायचंय. काय काय करता येईल? कॉर्ड ठोक्यावर न देता किंचित मागं द्यायचा. दाबून झाला की पुढच्या कॉर्डकडं धाव न घेता तो विरू द्यायचा. मध्ये जी भरती करायची सवय असते, ती छोटी पळापळ, पूर्ण गाळायची. डावा हात हलका. यातलं एकही नोटेशनमध्ये उतरत नाही. अरेंजरचा अर्धा पगार या भाषांतराचा असतो, आणि ते कुठल्याही कोर्सच्या पुस्तकात मिळत नाही.

गाण्याचा ठेका समजला तर हे आणखी स्पष्ट होतं. याला शफल म्हणतात. चार ठोक्यांचा बार, पण प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, म्हणजे एकूण बारा. त्या तीनातला मधला भाग रिकामा सोडायचा, पहिला आणि तिसराच वाजवायचा. आपल्या ढोलकीवाल्याला तिश्र जाती सांगितलं की लगेच डोक्यात शिरतं, ऑक्टापॅडवाल्याला, म्हणजे काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणाऱ्याला, 'सिक्स-एटचा भाऊ' म्हटलं की पुरतं. मेख त्या रिकाम्या मधल्या भागात आहे. तो किती रुंद ठेवायचा यावर गाणं डुलतं की धावतं हे ठरतं. मशिनवर ठेका लावला तर ती रुंदी ठरलेली असते. माणसं वाजवत असली की ती दर बारला थोडी हलते. ड्रमवर जोनाथन मॉफेट आहे, जॅक्सन बंधूंच्या काळापासूनचा माणूस, त्याच्या उजव्या हाताकडं बघत बसा.

एक स्वाध्याय. या गाण्याची तीन रूपं शेजारीशेजारी ऐका. पहिलं 1987 च्या 'बॅड' अल्बममधलं, जिथं ठेका जवळजवळ लगेच पकडतो. दुसरं मार्च 1988 मधल्या ग्रॅमी सोहळ्यातलं, तिथं त्यानं आधी गाणं संथ उघडलं आणि मग ठेक्यात टाकलं. तिसरी ही 2009 ची तालीम. म्हणजे संथ सुरुवातीची कल्पना तालमीत सुचलेली नव्हती, एकवीस वर्षं जुनी होती. त्याला काय पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ते दुसऱ्याच्या हातात उतरवायचं होतं. वहीत हे लिहिणारी पोरं मला आवडतात. "एमजे ग्रेट आहे" लिहिणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

आता कोल्हापुरात या. ज्या गावात शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब राहिले, देवल क्लब 1883 पासून उभा आहे, तिथं लय धरून ठेवण्याचं कौतुक नवीन नाही. पण ऑर्केस्ट्राच्या तालमीत आम्हाला चार बार रिकामे सहन होत नाहीत. राजारामपुरीत एका हॉलवर गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. गाणारी मुलगी कीबोर्डवाल्याला म्हणाली, "दादा, हे जरा लोळत येऊ दे ना." त्यानं काय केलं? रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, वाढवला. ती म्हणाली, "असं नव्हं." मग त्यानं स्ट्रिंग्जचा, म्हणजे व्हायोलिनसारखा, टोन लावला. तिचा चेहरा पडला. शेवटी ऑक्टापॅडवाल्या पोरानं काही न बोलता हाय-हॅट (झांजेचा आवाज) बंद केला आणि किक (मोठ्या ड्रमचा ठोका) तेवढी केसभर मागं टाकली. तिनं डोळे मिटले आणि पुढची ओळ उचलली. त्या पोराला नोटेशन वाचता येत नाही. आज त्याच्या तारखा सगळ्यात आधी बुक होतात.

म्हणून सांगतो, गायकांचे शब्द वहीत जमवा. 'जड वाटतंय', 'उघडं पडतंय', 'जरा पुढनं ये', 'हवा येऊ दे', 'गोड कर'. प्रत्येकापुढं लिहा की त्या वेळी नेमकं काय बदलल्यावर समाधान झालं. एकाच गायकाचं 'जड' म्हणजे कधी बेस जास्त, कधी टेम्पो कमी, कधी पट्टीच चढी. वर्षभरात ही वही तुमची खरी मिळकत होते.

अर्थात रटरटू द्यायला वेळ लागतो, आणि आमच्याकडं रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, बाकी नाही. पाहुण्यांचे सत्कार लांबले की सव्वानऊला आपल्या हातात माइक येतो आणि बारा गाणी शिल्लक असतात. अशा वेळी संथ सुरुवात पहिली कापली जाते. माझं मत, सगळ्या गाण्यांच्या सुरुवाती कापू नका. दोन गाणी सरळ काढून टाका आणि एका गाण्याला त्याचा पूर्ण वेळ द्या. मंडळाचे कार्यकर्ते आकडा मोजतात हे खरं, पण पब्लिक घरी जाताना आकडा घेऊन जात नाही.

त्याच चित्रपटातला दुसरा तुकडा गायिका ज्युडिथ हिलबरोबरच्या युगुलगीताचा. 'आय जस्ट कान्ट स्टॉप लव्हिंग यू', हेही 'बॅड'मधलंच. जॅक्सन तालमीत बहुतेक अर्ध्या आवाजात गातो, जागा नुसत्या दाखवून सोडतो. इथं शेवटी मात्र तो रंगात येतो, पूर्ण आवाज लावतो आणि लगेच सगळ्यांना दटावतो की मला असं गायला लावू नका, मला आवाज राखायचाय. गायकांनी हे शंभरदा बघावं. आमच्याकडं पहिल्याच तालमीला गळा फाडून गायची पद्धत आहे, हॉलच्या दारात चार पोरं ऐकत उभी असतात ना! मग गणपतीच्या तिसऱ्या दिवशी हळद-दूध सुरू. अर्ध्या आवाजात गाणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. साउंडवाल्यानं मात्र एक करायचं, लेव्हल लावण्यापुरतं एक कडवं पूर्ण आवाजात मागून घ्यायचं, नाहीतर कार्यक्रमात पहिल्याच तानेला मिक्सरवर लाल दिवे.

साउंडवाल्यांसाठी आणखी एक जागा आहे. जॅक्सन फाइव्ह या भावंडांच्या बँडच्या जुन्या गाण्यांच्या वेळी जॅक्सनला इन-इयरचा, म्हणजे स्वतःचं गाणं ऐकायला कानात घालायच्या छोट्या स्पीकरचा, त्रास होतो. कानात कुणी मूठ कोंबल्यासारखं वाटतंय, असं तो म्हणतो. आपण उघड्या कानांनी ऐकत मोठे झालो, याची सवय करतोय, असंही सांगतो. चिडत नाही, प्रेमानं सांगतोय हेही बोलून दाखवतो. इन-इयर घातलं की कान बंद होतो, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि समोरचं पब्लिक गायब होतं. मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवर गायकाकडं तोंड केलेल्या स्पीकरवर, वाढलेल्या गायकाला एकदम इन-इयर दिलं की तो आवाज वाढवा, वाढवा म्हणत सुटतो. तेव्हा वाढवण्याआधी बाकीचं कमी करून बघा. स्टेजच्या कडेला पब्लिककडं तोंड करून एक माइक लावा आणि त्याचा आवाज थोडासा कानात सोडा, माणूस शांत होतो. कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा इन-इयर कुणाच्याही कानात घालू नका.

क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या टिकटिकीवर, वाजवणाऱ्यांनी एक जागा जरूर बघावी. मागच्या पडद्यावरचं चित्र बदललं हे पाठमोरं उभं राहून तुला कळणार कसं, असं ऑर्टेगा विचारतो. जॅक्सन म्हणतो, ते मला जाणवेल. यावर भाबडेपणानं भाळू नका. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात पडदा, लाइट आणि वाद्यं वेळेत बांधलेली असतात. तरी कुठली गोष्ट घड्याळावर सोडायची आणि कुठली गायकाच्या मानेच्या झटक्यावर, हे आधी ठरवावं लागतं. आमच्या पातळीवर हे सोपं आहे. लॅपटॉपवरचा ट्रॅक लावला की गायकाला मधे थांबता येत नाही, म्हणून जिथं तो लोकांशी बोलणार तिथं ट्रॅक तोडून ठेवा आणि पुढचा तुकडा पॅडवाल्याच्या बोटावर द्या.

गिटारिस्ट ओरियान्थीचं 'ब्लॅक ऑर व्हाइट'मधलं दृश्य तुमचं तुम्ही बघा. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तो तिला वरचा सूर स्वतः गाऊन दाखवतो आणि ही तुझी जागा आहे म्हणून सांगतो.

कोल्हापुरात तालमी बघायला मिळतात, फक्त विचारावं लागतं. श्रावणात गणपतीची तयारी सुरू होते, मग नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नसराईतली संगीत संध्या आणि चैत्रापासून गावोगावच्या जत्रा. तालमीला गेलात की गायकासमोर बसू नका, मिक्सरच्या मागं बसा. केबल गुंडाळायला मदत करा, कोपराभोवती न घेता, पीळ न देता गोल गुंडाळायची, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, नाही म्हणाले तर खिशात ठेवा. सुरुवातीला बिदागी मिळणार नाही, जेवण आणि परतीचं गाडीभाडं मात्र मागून घ्या, त्यात लाज नाही. आणि माझ्याकडं यायचं असेल तर दोन पानं घेऊन या. अक्षर वाचता आलं पाहिजे.