गोव्याच्या रानात जाताना सॅकमध्ये काय भरावं

मी फोंड्याची. महिन्यातले दोन रविवार भाऊ आणि मी सत्तरीत, नाहीतर सांगे-काणकोणच्या रानात असतो. ओळखीतलं कोणी पहिल्यांदा बरोबर यायला निघालं की महाराष्ट्रातल्या गडांसाठी लिहिलेली यादी वाचून सामान भरतं. ती यादी चांगलीच असते, पण ती गडाची. तिथे उघडा कातळ, टाक्यातलं पाणी, एखाद्या घरात पिठलं-भाकरी. आमच्या सुर्ल्याच्या किंवा नेत्रावळीच्या डोंगरात दिवसभर झाडांखाली चालायचं, ओहळ ओलांडायचे, आणि वर खायला घालणारं कोणी नाही. म्हणून इथली सॅक दोन गोष्टींचा विचार करून भरायची: ओल आणि लवकर पडणारा अंधार.

अंधारापासून सुरू करते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात पाचनंतरच पायाखालची मुळं दिसेनाशी होतात. काही वर्षांपूर्वी सुर्ल्याहून उतरताना आम्हाला उशीर झाला. चौघांत एकच बॅटरी, बाकीचे फोनच्या उजेडावर, आणि दोन फोन वाटेतच संपले. शेवटचा ओहळ आम्ही एकमेकांचे हात धरून ओलांडला. तेव्हापासून माझा नियम आहे: माणशी एक बॅटरी, तीही डोक्याला बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात. जास्तीचे सेल वेगळ्या पिशवीत.

ओलीसाठी सॅकवर घालायच्या कव्हरावर विसंबू नका. पाणी पाठीकडून आत शिरतं. सॅकच्या आत आधी एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात ठेवा आणि तोंड पिळून बांधा. त्यात एक कोरडा शर्ट आणि दोन जोड मोजे हवेतच. जीन्स घालू नका. भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. बुटांचे तळवे खाचांचे, रबरी असावेत. शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत तळ असलेला महागडा बूटही सटकतो.

जळवा पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे असतात. जाड मिठाची पुरचुंडी सुती फडक्यात बांधून काठीच्या टोकाला लावा, थोडी ओली करा आणि जळूला टेकवा, ती सुटते. मीठ नसेल तर नख आडवं सरकवून तिचं तोंड सोडवा, ओढू मात्र नका. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरू नका, धुऊन कापूस दाबून धरा.

उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत मला जळवेपेक्षा गोचिडीची काळजी जास्त. माकडताप मुख्यतः तिच्या चाव्यातून पसरतो. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि सत्तरीतल्या लोकांनी त्याचे रुग्ण पाहिले आहेत. फिक्या रंगाची पूर्ण पँट घाला, म्हणजे बारीक गोचीडही दिसते. पँटचे पाय मोज्यांत खोचा, कीटक पळवणारं मलम लावा. जेवायला पाचोळ्यावर बसू नका, प्लास्टिकचा तुकडा अंथरा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्याबरोबर आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

पाणी माणशी तीन लिटर. ओहळाचं पाणी आरशासारखं दिसतं, पण वरच्या अंगाला गुरं, रानडुकरं उतरतात. एका बाटलीत आमसुलांचं सरबत, मीठ-साखर घालून, आणि ओआरएसची दोन पाकिटं. खायला मी उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, नेते; वरची साल कडक, ते चुरगळत नाहीत. सोबत सुकी बटाट्याची भाजी. ओल्या खोबऱ्याची चटणी मुळीच नको, दुपारपर्यंत आंबते. गूळ-शेंगदाणे खिशात, केळी सॅकमध्ये सगळ्यात वर.

औषधांच्या डबीत क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक, रोजची औषधं. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो हात किंवा पाय हलवू न देता माणसाला उचलून न्या आणि रेंज मिळाली की १०८ लावा. सत्तरीत असाल तर वाळपईचं सरकारी रुग्णालय जवळ, मोठं म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. दरीत रेंज नसते; शेवटची रेंज कुठे होती ते चढतानाच लक्षात ठेवा.

पहिलीच वेळ असेल तर पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर निवडा. वर देऊळ आहे, त्यामुळे वाट चुकायची भीती कमी, आणि यातलं निम्मं सामान पुरतं.

अभयारण्यात जाणार असाल तर वन खात्याकडे आधी विचारा. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी येते, आणि ती लोक बुडाल्यामुळेच येते. ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे कोरड्या पाकिटात ठेवा.

एक वस्तू सॅकमध्ये जात नाही. एका कागदावर कुठली वाट, बरोबर कोण, गाडी कुठे ठेवली आणि किती वाजेपर्यंत फोन करणार ते लिहून मी आईकडे देते. सातपर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना आणि वन खात्याला कळवायचं, एवढंच तिला सांगितलेलं असतं. आठची वाट बघायची नाही.