आठ केजी टॉर्क म्हणजे किती?

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपाचे पार्ट तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. आयटीआयचं नवं पोरगं आलं की त्याला मी आधी एकच गोष्ट शिकवतो : आकड्यापुढचं युनिट पूर्ण लिही.

एकदा जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या सूचनांच्या कागदावर, 'टॉर्क 8 केजी' एवढंच होतं. टॉर्क म्हणजे बोल्ट पिळण्याचा जोर. एम-12 चे, म्हणजे 12 मिलिमीटर व्यासाचे बोल्ट, ताकदीला 8.8 ग्रेडचे. लिहिणाऱ्याच्या मनात किलोग्रॅम-मीटर, आणि पोराच्या हातात न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना. टेस्ट बेंचवर दाब चढला तसं कव्हरच्या सांध्यातून तेल सुटलं. "कार्डावर आठ होतं काका, आठवरच लावलो की." खरंच होतं त्याचं. हवे होते 78 न्यूटन-मीटर, बसले 8. मी कार्ड लिहिणाऱ्याला बोलावलं, पोराला नाही.

किलोग्रॅम फक्त वस्तुमानाला लावा. बल न्यूटनमध्ये, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, दाब पास्कलमध्ये. जुना 'केजी'चा टॉर्क किंवा बल असेल तर 9.80665 ने गुणा. दाबाच्या 'केजी'त चौरस सेंटीमीटर लपलेला असतो. तो एक केजी म्हणजे 0.0981 मेगापास्कल, आणि एक बार म्हणजे 0.1. त्यामुळे 210 बार म्हणजे 21 मेगापास्कल, पण 210 केजी म्हणजे 20.6.

आमच्या शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं. कागदावरची युनिटची इंग्रजी अक्षरांतली खूण मात्र तिघांनाही एकच वाचायची असते, म्हणून अक्षराचा आकार सांभाळा. किलोग्रॅमचा के लहान. मोठा के लिहिलात तर तो केल्विन. मेगापास्कलचा एम मोठा. लहान काढलात तर मिलीपास्कल, म्हणजे फरक शंभर कोटी पटींचा. न्यूटन-मीटरमध्ये आधी मोठा एन, मग लहान एम. उलटं केलंत तर मिलीन्यूटन वाचलं जाईल. आकडा आणि खूण यांत जागा सोडा. खुणेला शेवटी एस लावू नका, टिंबही नको.

'मायक्रॉन', म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे नाव 1967 सालीच अधिकृत यादीतून गेलं, 'सेंटीग्रेड' तर 1948 सालीच सेल्सियस झालं. तरी हीट ट्रीटमेंटच्या रिपोर्टात अजून सेंटीग्रेड दिसतं. ते खोडून सेल्सियस करून घ्या. मायक्रॉनचं जरा अवघड आहे, कारण मायक्रोमीटर म्हटलं की आपल्याकडे पोरगं कपाटातलं मापाचं हत्यार आणायला जातं. बोलताना मायक्रॉन म्हणा, मी अडवणार नाही. रिपोर्टवर मात्र म्यू आणि लहान एम.

सुताचंही तसंच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. वडीलधाऱ्या फिटरच्या तोंडी तो शब्द राहू दे, ड्रॉइंगवर मिलिमीटरच हवेत.

कार्डावर नुसतं 'केजी' दिसलं तर पाना उचलू नका. ज्यानं लिहिलं त्याच्याकडे जा, पूर्ण युनिट त्याच्याच हातानं लिहून घ्या, शेजारी सही घ्या, मग काम सुरू करा.