स्प्लेंडरवर तंबू बांधताना

सोलापूरहून नळदुर्गकडे निघालं की हायवेवर शेजारून ट्रक जातो आणि उंच बांधलेलं सामान अख्खी गाडी हलवतं. म्हणून पाणी, पान्हे, स्टोव्ह दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली, वजन सारखं. डावी पिशवी साडीगार्डला बांधा. उजवी सायलेन्सरला टेकू देऊ नका. माझी ताडपत्री तशीच वितळली. तंबू मागच्या सीटवर आडवा, पाठीला लागून. बांधायला पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब आणा, दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. ताणून बांधली की दोरीसारखी सैल पडत नाही. टोकं मात्र चाकापासून लांब खोचा. पांघरायला सोलापुरी चादरच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी. मागच्या टायरात डबलसीटची हवा भरा. 10 किलोमीटरवर थांबून पट्ट्या पुन्हा ओढाच.