सातपुड्यातल्या पाड्यावर भिंत रंगवायची असेल तर

अंगणवाडीची किंवा आश्रमशाळेची भिंत ‘आदिवासी पद्धतीनं’ रंगवा म्हटलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडेही बरेचदा त्रिकोणांची वारली माणसंच उतरतात. मोबाइलवर नमुना सापडतो, एवढंच कारण. वारली चित्र डहाणू-तलासरीकडचं, लग्नघरातल्या चौकाचं. आधी पाडा कोणाचा ते विचारा. धडगावात पावरा आणि भिल्ल शेजारी राहतात, नवापुरात मावची, साक्रीत कोकणा आणि त्यांचा डोंगऱ्या देव. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुस्लिम आहेत. त्यांच्या शाळेवर होळीचा देखावा कशाला?

होकारासाठीच्या बैठकीची वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. डिसेंबरात घेतलेला होकार म्हणजे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा होकार. होळीनंतर मोहाची फुलं वेचायला बाया पहाटेच बाहेर पडतात, म्हणून दुपारनंतर बसा. बाजाराचा दिवस टाळा. इथली घरं आपापल्या शेतात, टेकड्यांवर विखुरलेली असतात. गावात एकच बैठक घेतली तर रस्त्याकडचेच लोक येतात, तेव्हा पाड्या-पाड्यावर जा. सरपंचाची सही पुरत नाही. पुजारा (पाड्याचा पुजारी), कारभारी आणि बायांशी वेगळं बोला, मग ग्रामसभेत ठराव घ्या. सोबत पावरी किंवा भिलोरी बोलणारा माणूस हवा. अहिराणी येते म्हणून भागत नाही.

काय काढायचं, यात सगळ्यात जास्त घसरतात ते होळीपाशी. अक्कलकुव्यातल्या काठी गावच्या होळीतला बावा रंगीत दिसतो: डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. पण तो वेश म्हणजे नवसाची पाळणी. ती पाळणारा माणूस त्या दिवसांत जमिनीवर झोपतो, पथ्यं पाळतो. त्याला हात धुवायच्या जाहिरातीतला नाचरा बाहुला केलात तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, नाराज मात्र होतील. याहा मोगीसारख्या देवतेचं चित्र पुजाऱ्यानं सांगितल्याशिवाय काढूच नका. संडासाच्या भिंतीवर किंवा पाय लागेल अशा ठिकाणी तर नाहीच. कुडाची भिंत, धान्याची कोठी, टोपली, ढोल हे सहसा मोकळेपणानं चालतं. तीर-कामठा काढा, पण सायकलवर शाळेत जाणारी पोरगीही काढा. पाडा आजचा आहे.

पूर्ण भिंतीआधी दोन बाय दोन फुटांचा नमुना काढून चार-पाच दिवस तसाच ठेवा. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून ‘हो’च येईल. ‘यात काय चुकलं?’ असं विचारा. चांदीच्या दागिन्यांची चूक म्हाताऱ्या बाया लगेच दाखवतात, कारण पावरा आणि भिल्ल बायांचे दागिने एकसारखे नसतात.

नवा गिलावा २८ दिवस तरी वाळू द्या. घाईनं प्रायमर मारला तर पापुद्रे सुटतात. डिंकात कालवलेला गेरू घरात टिकतो, बाहेरच्या भिंतीवर पहिल्याच पावसात वाहून जातो. तिथे गेरूच्या छटेचं बाहेरच्या भिंतीसाठीचं इमल्शन वापरा. खालच्या दोन फुटांत चिखलाचे शिंतोडे उडतात, तो पट्टा कोरा ठेवा.

पैशाचं आधीच लिहा. रंगवणारा हात पाड्यावरचा असेल तर मजुरी रोजावर की चौरस फुटावर, ते ठरवा. नमुन्याचे दिवसही त्यात धरा. होकार या एका भिंतीपुरताच. तेच चित्र कॅलेंडरवर, पिशवीवर किंवा साडीवर छापायचं असेल तर पुन्हा विचारायचं आणि पुन्हा पैसे मोजायचे. वनहक्क कायदा २००६ नुसार जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क आहे, तेव्हा ‘लोककला आहे, कुणाचीही’ हे म्हणणं चालत नाही. कागद मराठीत करा, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, एक प्रत पाड्यावर ठेवा. कोपऱ्यात ‘आदिवासी कलाकार’ असं मोघम लिहू नका. विचारून माणसाचं नाव घाला, नाहीतर पाड्याचं.