एबीएसचा दिवा विझेना: सेन्सर चांगला, वायर तुटलेली

रावेरहून सावद्याला येताना एबीएसचा (जोरात ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तो विझेचना. स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा (चाकाचा वेग मोजणाऱ्या भागाचा) बिघाडाचा कोड आला. गॅरेजवाले म्हणाले, सेन्सर बदला. मी आधी इग्निशन बंद करून मल्टिमीटर लावला. जुनी गाडी, दोन तारांचा कॉइलवाला सेन्सर: ११०० ओहम, म्हणजे ठणठणीत! (नव्या अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या सेन्सरला मात्र ओहम लावून तपासू नका.) मग एबीएस मोड्यूलच्या (कंट्रोल बॉक्सच्या) प्लगवरून, म्हणजे वायरसकट मोजलं, तर स्टिअरिंग उजवीकडे वळवताच आकडा गायब. वायर बोटांनी चाचपत गेलो. चाकाच्या कमानीतल्या क्लिपपाशी ती लिबलिबीत लागली. आवरण शाबूत, आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. तेवढा तुकडा नवा टाकला, तारांचा पीळ जसाच्या तसा ठेवला, कारण त्यानेच सिग्नल स्वच्छ राहतो. कोड पुसला. फैजपूरपर्यंत जाऊन आलो, दिवा लागला नाही.