रील 'सेव्ह' केली म्हणजे फोनवर आली असं नाही : छोटे व्हिडिओ नीट उतरवून कसे ठेवावेत

इन्स्टाग्रामच्या रीलवरच्या 'सेव्ह'च्या खुणेवर बोट टेकवलं की व्हिडिओ आपल्याकडे आला, असं पुष्कळांना वाटतं. तो आलेला नसतो. फोनच्या गॅलरीत काहीच उतरत नाही, ॲपमध्ये त्या रीलची नुसती नोंद राहते. टाकणाऱ्याने रील काढली, खातं खासगी केलं किंवा बंद केलं, की ती नोंद निकामी. गोव्यात चतुर्थीला कुणाच्या घरी घुमट या मातीच्या वाद्यावर रंगलेली घुमट आरती, शिगम्यातली रोमटामेळाची मिरवणूक, वास्कोच्या सप्ताहात गायलेला एखादा अभंग, गावच्या काल्यातला, म्हणजे लोकनाट्यातला, एखादा प्रवेश, हे सगळं आज मोबाइलवरच टिपलं जातं आणि कित्येकदा त्याचं दुसरं चित्रण कुठेही नसतं. म्हणून जपण्यासारखा व्हिडिओ दिसला की त्याची फाइल हातात घ्यावी, आणि ती पहिल्या चार-आठ दिवसांतच घ्यावी.

आधी काढणाऱ्याकडे मागा

गोव्यात हा मार्ग सगळ्यात सोपा आहे, कारण व्हिडिओ काढणारा बहुधा वाड्यावरचाच असतो, नाहीतर भजनी मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचा. त्याच्या फोनमधली मूळ फाइल आणि तुम्हाला दिसणारी रील यांत मोठा फरक असतो. रील चढवताना ॲप ती दाबून लहान करतं. तीच पुढे व्हॉट्सॲपवरून गेली की पुन्हा दाबली जाते. दोन-तीन हात फिरल्यावर समईच्या उजेडातले चेहरे नुसते चौकोन-चौकोन होतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

मात्र मूळ फाइल मागताना 'व्हॉट्सॲपवर टाक' एवढंच सांगू नका, नाहीतर तो गॅलरीतून व्हिडिओ निवडेल आणि तो पुन्हा दाबला जाईल. त्याला सांगायचं ते असं : चॅटमध्ये जोडणीची खूण दाब, 'गॅलरी' नको, 'डॉक्युमेंट' निवड आणि तिथून व्हिडिओची फाइल शोधून पाठव. अशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते. एका फाइलला २ जीबीपर्यंत मर्यादा आहे, छोट्या व्हिडिओला ती भरपूर झाली. गॅलरीतून पाठवताना 'एचडी' निवडली तर चित्र थोडं बरं येतं, पण तीही दाबलेलीच प्रत. आलेली फाइल लगेच उघडून उतरवून घ्या. महिन्याभराने पाहू म्हटलं तर 'पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा' असा निरोप दिसण्याचीच शक्यता जास्त.

इन्स्टाग्राम

सार्वजनिक खात्यावरची रील उतरवायची सोय ॲपमध्येच आहे. २०२३ मध्ये ती आधी अमेरिकेत आणि त्याच वर्षअखेरीस सगळीकडे आली. रील उघडा, कागदी विमानाची शेअरची खूण दाबा, खालच्या ओळीत 'डाउनलोड' दिसेल. फाइल गॅलरीत येते आणि तिच्यावर इन्स्टाग्रामची खूण व खात्याचं नाव उमटलेलं असतं. ते नाव कापून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. पुढे कधीतरी हा व्हिडिओ कुणाचा, हे त्यावरूनच कळेल.

'डाउनलोड' दिसतच नसेल तर कारण बहुधा दोनपैकी एक : खातं खासगी आहे, किंवा खातेदाराने डाउनलोडची परवानगी बंद ठेवली आहे. दोन्ही वेळा सरळ त्यालाच निरोप पाठवावा. व्हिडिओ उतरला पण मुका निघाला, तर रीलला लावलेलं गाणं परवान्याचं असणार. अशी गाणी फाइलसोबत येतीलच असं नाही. व्हिडिओतला स्वतःचा आवाज मात्र सहसा टिकतो, म्हणून आरती-भजनाच्या रीलना ही अडचण कमी येते.

स्वतःच्या रीलची गोष्ट वेगळी. ॲपच्या कॅमेऱ्यातच चित्रण केलं की मूळ फाइल गॅलरीत नसते, हे पुष्कळांना उशिरा कळतं. त्यामुळे आधी फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काढा आणि मग ॲपमध्ये चढवा. जुनं सगळं एकदम हवं असेल तर 'अकाउंट्स सेंटर'मध्ये स्वतःची माहिती उतरवून घेण्याचा पर्याय आहे. तिथे दोन गोष्टी न चुकता बदलायच्या. कालावधी 'सुरुवातीपासून' करायचा आणि माध्यमांचा दर्जा 'उच्च' ठेवायचा. दर्जाकडे दुर्लक्ष केलं तर मध्यम प्रती येतात. तयार झालेल्या फाइलची लिंक थोडे दिवसच चालते, ती आली की उतरवूनच घ्या.

फेसबुक लाइव्हला तीस दिवसांचीच मुदत

हे देवस्थान समित्यांनी, नाट्यमंडळांनी आणि भजनी पथकांनी खास लक्षात ठेवायला हवं. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरचं नवं थेट प्रक्षेपण ३० दिवसच राहतं, त्यानंतर ते पानावरून काढलं जातं. गावोगावच्या जत्रा, नाटकं आणि भजनी सप्ताह आज फेसबुकवर लाइव्ह दाखवले जातात आणि 'आहे की पानावर' म्हणून कुणी प्रत ठेवत नाही. पान ज्यांच्या हाती आहे त्यांनी कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ उघडून तीन ठिपक्यांतून 'डाउनलोड' करावा, तोही जत्रेनंतरच्या आठवड्यातच. दोन-तीन तासांची फाइल काही जीबींची असते, त्यामुळे मोबाइल डेटावर नको, घरच्या वायफायवर किंवा पंचायतीच्या जोडणीवर उतरवा.

यूट्यूब शॉर्ट्स

इथला 'डाउनलोड' म्हणजे ॲपच्या आत ठेवलेली प्रत. ती गॅलरीत दिसत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही आणि ठरावीक दिवसांनी फोन इंटरनेटला जोडला नाही तर उघडतही नाही. सत्तरी तालुक्यात रेंज नसलेल्या गावी जाताना सोबत न्यायला ती ठीक, जपून ठेवायला नव्हे. स्वतःच्या चॅनलचा व्हिडिओ हवा असेल तर कॉम्प्युटरवर 'यूट्यूब स्टुडिओ' उघडा, 'कंटेंट'मध्ये जा, व्हिडिओसमोरच्या तीन ठिपक्यांतून 'डाउनलोड' करा. इथे ७२० किंवा त्याहून कमी रिझोल्यूशनची प्रत मिळते. चॅनलचं सगळंच हवं तर 'गूगल टेकआउट' ही गूगलवरची स्वतःची माहिती एकत्र उतरवण्याची सोय वापरावी.

टिकटॉक भारतात जून २०२० पासून बंद आहे. आखातातून किंवा इंग्लंडहून नातेवाईक पाठवतात ती लिंक त्यामुळे इथे उघडत नाही. त्यांनाच तिकडे व्हिडिओ सेव्ह करून फाइल पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं, तेव्हा आवडलं तर त्याच दिवशी मागून घ्या.

काहीच जमलं नाही तर स्क्रीन रेकॉर्डिंग

माणूस सापडत नाही, डाउनलोडची खूण नाही आणि व्हिडिओ जाईल अशी भीती आहे, तेव्हाच हा मार्ग. खासगी खात्यावरचं दुसऱ्याचं चित्रण मात्र असं उतरवू नये. अँड्रॉइड ११ पासून ही सोय फोनमध्येच आहे, आयफोनमध्ये आयओएस ११ पासून. वेगळं ॲप घ्यायची गरज नाही.

१. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. नाहीतर ऐन आरतीत वरून गॅस सिलिंडरचा मेसेज उतरतो आणि तो कायमचा व्हिडिओत राहतो.

२. व्हिडिओ एकदा पूर्ण चालवून घ्या, म्हणजे तो आधीच उतरलेला असेल आणि मध्ये अडकणार नाही. ॲपमध्ये चित्राचा दर्जा निवडता येत असेल तर सगळ्यात वरचा निवडा.

३. अँड्रॉइडवर दोन बोटांनी वरचा पडदा खाली ओढा आणि 'स्क्रीन रेकॉर्डर' निवडा. आयफोनवर 'कंट्रोल सेंटर'मध्ये ते बटण एकदा जोडून घ्यावं लागतं.

४. आवाजाचा पर्याय पाहा. इथेच बहुतेकांचं बिघडतं.

अँड्रॉइडवर 'मायक्रोफोन', 'डिव्हाइस ऑडिओ' किंवा 'मीडिया साउंड्स', आणि दोन्ही, असे पर्याय येतात. त्यातला डिव्हाइसचा किंवा मीडियाचा आवाज निवडायचा. मायक्रोफोन निवडलात तर फोन स्वतःच्याच स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा ऐकून नोंदवतो, त्यात पंख्याची घरघर आणि कौलांवरचा पाऊसही येतो. घुमट आरतीचं तर यात फारच नुकसान होतं. फोनच्या इवल्या स्पीकरमधून घुमटाचा खालचा घुमारा बाहेर पडतच नाही, मग नोंदीत उरतो तो शमेळ या चर्मवाद्याचा कडकडाट आणि कासाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, खणखणाट. आयफोनवर रेकॉर्डचं बटण दाबून धरलं की मायक्रोफोन दिसतो, तो बंद ठेवायचा. सायलेंट मोडही काढा.

५. आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग व्हिडिओ पहिल्यापासून लावा. सुरुवातीची आणि शेवटची काही सेकंदं गॅलरीतल्या 'एडिट'मध्ये कापता येतात. सुरुवात हुकली तर ती परत आणता येत नाही.

कॉम्प्युटरवर विंडोज ११ मधल्या 'स्निपिंग टूल'ने पडद्याचा हवा तेवढाच भाग नोंदवता येतो. विंडोज १० वर विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबली की 'गेम बार' येतो, त्याची नोंद 'व्हिडिओज'मधल्या 'कॅप्चर्स' फोल्डरमध्ये पडते. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ५. नोंद नुसती काळी दिसली तर त्या ॲपने रेकॉर्डिंग अडवलेलं आहे, तिथे हा उपाय चालत नाही.

लिंक चिकटवा, व्हिडिओ मिळवा

अशा साइट्स ढीगभर आहेत. त्यांचं काम साधं : सार्वजनिक व्हिडिओची लिंक घ्यायची, त्याची फाइल शोधायची आणि पुढे करायची. सार्वजनिक व्हिडिओ दाखवायला कुणाच्याही पासवर्डची गरज नसते. तेव्हा जी साइट किंवा जे ॲप इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागतं, ते तुमचं खातं पळवायलाच बसलेलं आहे असं धरून चाला. पानावर हिरव्या रंगाची तीन-चार 'डाउनलोड' बटणं दिसतात, त्यातली बहुतेक जाहिराती असतात. फाइलच्या नावाचा शेवट एमपी४ असा हवा. एपीके आली तर उघडू नका, पुसून टाका, ते व्हिडिओऐवजी फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. 'नोटिफिकेशन दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हणा. शिवाय यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या अटींत असं परस्पर उतरवणं बसत नाही. ॲपमधली सोय आणि मागून घेतलेली फाइल एवढ्यात भागत असेल तर या साइट्सच्या वाटेला जाऊच नये. अशा फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, वेळ घालवू नका.

उतरवलेला व्हिडिओ घरी पाहणं ठीक आहे. तो स्वतःच्या पानावर पुन्हा टाकायचा तर काढणाऱ्याला विचारायलाच हवं, खाली त्याचं नाव लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. फुगडी घालणाऱ्या बायका, लहान मुलं, गर्भकुडीतलं म्हणजे गाभाऱ्यातलं चित्रण, यांबाबत तर त्या घरच्यांना किंवा देवस्थानाला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये.

फाइल जागेवर ठेवताना

उभा १०८० दर्जाचा मिनिटभराचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिट या हिशेबाने सुमारे ३७ एमबीचा होतो. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, ते लवकर भरतात. 'गूगल फोटोज'मध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर मोठे व्हिडिओ लहान केले जातात, तिथे मूळ दर्जा निवडा. एक प्रत कॉम्प्युटरवर आणि दुसरी बाहेरच्या डिस्कवर, एवढं तरी करावं. फोन केबलने जोडला की अँड्रॉइड आधी फक्त चार्ज होतो, वरच्या पडद्यात 'फाइल ट्रान्सफर' निवडल्याशिवाय कॉम्प्युटरला आतलं काही दिसत नाही. पावसाळ्यात कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि नाव मात्र पूर्ण दिसतं. म्हणून कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार ताडून पाहा आणि व्हिडिओचा शेवटचा अर्धा मिनिट चालवून बघा.

नाव त्याच दिवशी द्या : २०२५-०८-२७, गावाचं नाव, चतुर्थी आरती, काढणाऱ्याचं नाव. वर्ष पुढे ठेवलं की यादी आपोआप क्रमाने लागते. पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं, देवनागरीच्या जागी तिथे चौकोन दिसू शकतात.

टीव्हीवर आवाज येतो पण चित्र नाही, किंवा 'फॉरमॅट चालत नाही' असं येतं, तेव्हा व्हिडिओ बहुधा आयफोनवर काढलेला एचईव्हीसी प्रकारचा असतो. कॉम्प्युटरवर 'व्हीएलसी' तो चालवतो. टीव्हीसाठी 'हँडब्रेक' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'फास्ट १०८०पी३०' निवडून एच.२६४ची एमपी४ प्रत करा आणि मूळ फाइल तशीच ठेवा. पेनड्राइव्हवर मोठी लाइव्हची फाइल चढत नसेल तर तो एफएटी३२ पद्धतीचा आहे, त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि टीव्ही ती पद्धत वाचतो का, हे एखाद्या छोट्या फाइलने आधी पाहून घ्या.