‘खोल प्रेरणा घ्या आणि रोखून धरा’ : इन्स्पिरेशन या शब्दापाशी होणाऱ्या चुका

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका रुग्णालयाचं माहितीपत्रक तपासायला आलं. डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या बायकांसाठी ते होतं. मराठी आधीच झालेलं, मला फक्त शुद्धलेखनावरून हात फिरवायचा होता. दुसऱ्याच पानावर अडखळले. ‘मशीन सुरू असताना खोल प्रेरणा घ्या आणि 20 सेकंद रोखून धरा.’

आधी हसू आलं. मग टेबलावर आडवी झालेली, हात डोक्यावर घेतलेली बाई डोळ्यांसमोर आली आणि हसू गेलं. मूळ इंग्रजीत होतं ‘डीप इन्स्पिरेशन ब्रेथ होल्ड’. छाती हवेने भरली की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाहेर पडतं, म्हणून तेवढा वेळ श्वास धरून ठेवायला सांगतात. त्या बाईला श्वास घ्यायचा होता आणि पत्रक तिला प्रेरणा घ्यायला सांगत होतं.

अनुवाद करणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण शाळेत पाठ केलेला अर्थ डोक्यात इतका घट्ट बसलेला असतो की इन्स्पिरेशन दिसलं रे दिसलं, हात आपोआप ‘प्रेरणा’ लिहून मोकळा होतो. माझाही होतो.

मुळात हा शब्द श्वासाचाच. लॅटिनमध्ये ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणं, फुंकणं. ‘इन’ म्हणजे आत. आत फुंकणं. ही फुंकर मारणारा देव, असा अर्थ इंग्रजीत फार जुना. बायबलच्या 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरात पवित्र लेखन देवाच्या ‘इन्स्पिरेशन’ने झालं असं म्हटलंय, आणि त्यामागचा ग्रीक शब्द शब्दशः ‘देवाने फुंकलेलं’ असाच आहे. आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदात वेद हे त्या महद्भूताचं (परब्रह्माचं) निःश्वसित, म्हणजे बाहेर टाकलेला श्वास. तिकडे माणसाच्या आत गेलेली हवा मोजली, इकडे देवाच्या बाहेर आलेली. वारा एकच असावा.

इन्स्पिरेशन समोर आलं की मी आता एवढंच विचारते : इथे वारा कुठून कुठे चाललाय? नाकातून फुप्फुसात? कुणा माणसाकडून माणसाकडे? की कुठूनसा येऊन थेट डोक्यात? याचं उत्तर मिळालं की मराठी शब्द शोधावा लागत नाही.

दवाखान्यातल्या चुका सर्वांत महाग पडतात, म्हणून आधी त्या. छातीच्या एक्स-रेच्या अहवालात कधीकधी ‘पुअर इन्स्पिरेशन’ किंवा ‘पुअर इन्स्पिरेटरी एफर्ट’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून ओळखीतल्या एका काकांनी मला रात्री दहाला फोन केला होता. ‘अगं, माझ्यात उमेद कमी आहे असं यांना फोटोवरून कसं कळलं?’ काका अर्धे गमतीत होते, अर्धे खरंच घाबरलेले. अर्थ एवढाच, की फोटो काढताना श्वास पूर्ण भरून घेतलेला नव्हता. तो अर्धवट राहिला तर फुप्फुसं नीट पसरत नाहीत आणि हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसू शकतं. पुष्कळदा फोटो पुन्हा काढतात. एक्स-रे काढणारे ‘श्वास घ्या... धरा... सोडा’ असं जे ओरडतात, त्यातलं पहिलं म्हणजे इन्स्पिरेशन आणि शेवटचं म्हणजे एक्स्पिरेशन. प्राणायाम करणाऱ्यांना हे तिन्ही ठाऊक असतात : पूरक, कुंभक, रेचक.

एक्स्पिरेशनची तर वेगळीच गंमत. औषधाच्या पट्टीवर ती ‘मुदत संपण्याची तारीख’, आणि श्वसनाच्या माहितीत उच्छ्वास. व्हेंटिलेटरच्या एका मराठी टिपणात ‘मुदत संपताना दाब तपासा’ असं वाचल्याचं आठवतं. कुणी वारलं की आपण ‘एक्स्पायर झाले’ म्हणतो, तेही त्यातलंच. आपलं ‘प्राण सोडला’ त्याच्या अगदी शेजारी बसेल. आणि ‘फ्रॅक्शन ऑफ इन्स्पायर्ड ऑक्सिजन’ म्हणजे आत घेतलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, खोलीतल्या साध्या हवेत ते 21 टक्के. ‘प्रेरित ऑक्सिजन’ असला काही वायू नसतो.

या सगळ्यात मला सर्वांत लक्षात राहिलेली चूक मात्र कागदावरची नाही. शस्त्रक्रियेनंतर हातात एक प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं यंत्र देतात, तीन नळ्या आणि त्यांत चेंडूसारख्या तीन रंगीत गोळ्या. त्याचं नाव इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. त्यातलं ‘स्पायरो’ त्याच श्वासाचं. नळीवर 600, 900, 1200 असे आकडे असतात, दर सेकंदाला किती मिलिलीटर हवा ओढली त्याचे. आपल्याकडे त्याला सर्रास ‘फुंकायचं यंत्र’ म्हणतात आणि इथेच घात होतो. माझ्या सासूबाईंनी पहिले दोन दिवस त्यात जीव खाऊन फुंकलं. गोळ्या ढिम्म. ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून त्या रुसून बसल्या. फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, तिने नळी त्यांच्या ओठांत दिली आणि म्हणाली, ‘आजी, उसाचा रस स्ट्रॉने कसा पिता? तसं ओढा.’ पहिली गोळी टुणकन वर गेली. गोळ्या उठत नसतील तर यंत्र बदलून मागण्याआधी हे बघा : हवा ओढताय की फुंकताय? यंत्र उभं सरळ धरलंय का? ओठ नळीभोवती घट्ट मिटलेत का? आणि घरात त्याला ‘ओढायचं यंत्र’ म्हणा, म्हणजे निम्मं काम झालं.

आता दुसरीकडची चूक. इथे प्रेरणा चुकीची नसते, नुसती शिळी असते. कवीच्या, चित्रकाराच्या मुलाखतीत ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ विचारून पाहा. उत्तर ठरलेलं : आईवडील, निसर्ग, समाज. तोच प्रश्न ‘तुम्हाला हे सुचतं कसं?’ असा विचारा. माणूस जरा थांबतो, मग सांगायला लागतो की भांडी घासताना सुचतं, लोकलमध्ये दारात उभं असताना सुचतं, आणि लिहायला बसलं की पळून जातं. सुचणं, स्फुरणं या क्रियापदांत ‘मी’ कर्ता नसतोच. ‘मला सुचलं’ म्हणतो आपण, ‘मी सुचलो’ नाही. बाहेरून आलं, आत शिरलं, मी फक्त जागा दिली. लॅटिनवाल्यांना जे सांगायचं होतं ते मराठीच्या व्याकरणातच बसलंय, आणि आपण मात्र ‘प्रेरणा प्राप्त झाली’ लिहीत बसतो.

माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या वाऱ्याला तर किती शब्द आहेत. ‘हर स्टोरी गेव्ह मी इन्स्पिरेशन’ याचं ‘तिची गोष्ट ऐकून हुरूप आला’ होतं. ‘माय ग्रँडमदर वॉज माय इन्स्पिरेशन’ म्हणजे ‘आजीला डोळ्यांसमोर ठेवून मी हे शिकले’. पडलेला माणूस उठत असेल तर उमेद, सगळा जमाव एकदम पेटला असेल तर स्फूर्ती, आणि ढोलाच्या तालावर भान सुटलं असेल तर संचार. प्रेरणा हा शब्द एखाद्या चळवळीमागे, मोठ्या निर्णयामागे शोभतो. सकाळी फिरायला जायला प्रेरणा लागत नाही, गजर लागतो.

प्रेरित या शब्दापाशी जास्त जपा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘राजकीय हेतूने प्रेरित आरोप’मध्ये इतकं वापरलंय की त्याला संशयाचा वास लागलाय. तिथे मूळ इंग्रजी ‘मोटिव्हेटेड’ असतं, इन्स्पायर्ड नव्हे. सिनेमाच्या पाटीवर ‘सत्य घटनांवरून प्रेरित’ असेल तर ‘आधारित’पेक्षा जास्त सूट घेतलीय असं समजावं. आणि ‘ॲन इन्स्पायर्ड चॉइस’ला ‘प्रेरित निवड’ म्हणाल तर कुणाच्या सांगण्यावरून केलेली निवड, असा भलताच अर्थ निघेल. तिथे म्हणायचं असतं की निवड करणाऱ्याला अगदी नेमकं सुचलं.

इंग्रजी लिहिताना आपण मराठी माणसं कुठे घसरतो ते आता पाहू. अर्जांत आणि मुलाखतींत हे रोज दिसतं. पहिला मान ‘माय इन्स्पिरेशन इज टू बिकम अ कलेक्टर’ या वाक्याचा. तिथे ॲस्पिरेशन हवं, म्हणजे आकांक्षा. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, म्हणून गफलत होते. (दवाखान्यात ॲस्पिरेशनही वेगळंच : घास किंवा पाणी श्वासनळीत जाणं. त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाला आकांक्षेचा न्यूमोनिया म्हणायची वेळ कुणावर न येवो.)

दुसरं, ‘आय वॉज इन्स्पायर्ड फ्रॉम माय टीचर’. मराठीत आपण सरांकडून प्रेरणा घेतो, त्या ‘कडून’चं ‘फ्रॉम’ होतं. क्रियापदाबरोबर ‘बाय’ घाला : इन्स्पायर्ड बाय. नाम वापरलं तर ‘फ्रॉम’ चालतं : आय टुक इन्स्पिरेशन फ्रॉम हर. एखाद्या कृतीचं मूळ सांगायचं तर ‘फॉर’, जसं द इन्स्पिरेशन फॉर द पेंटिंग. ज्याला बळ मिळालं त्या माणसासाठी ‘टू’ : शी इज ॲन इन्स्पिरेशन टू मी. या शेवटच्या वाक्यातलं ‘ॲन’ गाळू नका. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे ते हटकून गळतं. आणि ‘इन्स्पायर्ड मी फॉर डूइंग’ नको, ‘इन्स्पायर्ड मी टू डू’.

उच्चार ‘इन्स्पायरेशन’ नाही. क्रियापद इन्स्पायर असलं तरी नामात ते ‘स्पाय’ विरघळतं. जोर ‘रे’वर द्यायचा, इन्स्प-रे-शन. मराठी लिहिताना स्फूर्ती दीर्घ, स्फुरण ऱ्हस्व. आणि समासात स्फूर्तिस्थान, स्फूर्तिदायक असा ‘ति’ ऱ्हस्व. फ्लेक्सवरचं ‘स्फुर्तीस्थान’ एकाच शब्दात दोन्ही चुका करतं, यालाही कौशल्य लागतं.

एडिसनच्या नावावर सांगतात ते ‘एक टक्का इन्स्पिरेशन, नव्व्याण्णव टक्के पर्स्पिरेशन’ मराठीत आणायच्या भानगडीत बरेच जण पडलेत. प्रेरणा आणि घाम यांचं यमक जुळत नाही. ‘एक टक्का सुचणं, बाकी सगळा घाम’ एवढ्यावर मी समाधान मानते.

त्या माहितीपत्रकाचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी वाक्य बदलून दिलं : ‘छाती भरून श्वास घ्या आणि सोडायला सांगेपर्यंत धरून ठेवा.’ सोबत समासात टीप लिहिली, ‘इन्स्पिरेशन म्हणजे श्वास.’ आठवड्याने छपाईपूर्वीची प्रत आली. दुसरं पान अगदी ठीक. शेवटच्या पानावर, उपचार पूर्ण केलेल्या बायकांना उद्देशून मूळ इंग्रजीत एक ओळ होती, ‘यू आर ॲन इन्स्पिरेशन टू अस’. माझी टीप कुणीतरी मनापासून पाळली होती. तिथे आता छापलं होतं, ‘तुम्ही आमच्यासाठी श्वास आहात.’

ती ओळ खोडून मी लिहिलं, ‘तुमच्याकडे पाहून आम्हालाही बळ येतं.’ या वेळी टीप लिहिली नाही, फोन केला.